गर्भाची पहिली मुदत

गर्भारपणाचे दिवस मोजण्याचा जो शिरस्ता आज जगभरच्या दवाखान्यांतून चालू आहे, त्याचा हिशेब मुळातच दोन आठवडे पुढे धावणारा आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून बाळंतपणाची तारीख काढावयाची, ही पद्धत हायडेलबर्ग येथील प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. आणि बीज व शुक्रजंतू यांचा संयोग तर बहुधा पाळीनंतरच्या चौदाव्या दिवसाच्या मागेपुढे होतो, त्यामुळे ज्या दोन आठवड्यांत गर्भाचा मागमूसही नव्हता तेही गर्भारपणाच्या खाती जमा होतात. डॉक्टरीणबाई जेव्हा "चार आठवडे झाले" असे सांगतात, तेव्हा गर्भाचे खरे वय जेमतेम दोन आठवड्यांचे असते. या शिरस्त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण पाळीची तारीख स्त्रीला ठाऊक असते, संयोगाची घटका मात्र कोणालाच ठाऊक नसते. परंतु या लेखात जे दिवस आणि आठवडे येतील ते, वेगळे सांगितले नसेल तेथे, संयोगापासून मोजलेले आहेत, एवढे आरंभीच नमूद करून ठेवतो. ज्या काळात घरात, शेजारात, किंबहुना स्वतः त्या स्त्रीलाही कसलीच वार्ता नसते, त्या काळात तिच्या देहात चालणारा कारभार हा या लेखाचा विषय आहे. आणि पाळी चुकल्याचे लक्षात येऊन दिवस गेल्याची कुजबुज सुरू होईपर्यंत त्या कारभारातील काही सर्वांत बिकट प्रकरणांचा निकाल लागूनही गेलेला असतो.

स्त्रीबीज ही मानवी देहातील सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास एका मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा असतो, म्हणजे नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनाही ती ठिपक्याच्या रूपाने दिसू शकते. असे असूनही, १८२७ साली फॉन बेअर यांना कुत्रीच्या बीजकोशात ती आढळेपर्यंत कोणत्याही सस्तन प्राण्याचे बीज कोणी ओळखलेले नव्हते. उलट तिच्याहून कितीतरी सूक्ष्म असा शुक्रजंतू लेव्हेनहूक यांच्या भिंगाखाली १६७७ सालीच सापडून बसला होता. मधल्या दीडशे वर्षांत, गर्भाचा सगळा ऐवज पुरुषाकडूनच येतो आणि स्त्रीने केवळ जागा पुरवावयाची असते, असे मानणारा एक पंथच युरोपातील विद्वानांत उभा राहिला. स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हा बीज देणारा, असे आपल्या स्मृतिकारांनीही सांगून ठेवलेच होते. तेव्हा या बाबतीत पूर्वेने पश्चिमेला किंवा पश्चिमेने पूर्वेला हसावे असे फारसे काही नाही.

बीजकोशातून सुटलेले बीज फार तर एक दिवस जिवंत राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, आणि म्हणून पुष्कळदा असे होते की बीज सुटण्याच्या आधीच ते गर्भनलिकेत येऊन वाट पाहत थांबलेले असतात. निघतात ते कोट्यवधी, पण नलिकेच्या बाहेरच्या रुंद भागात, जेथे ही भेट होते तेथे, पोचतात ते काही शेकडाच. आणि त्यांपैकी एकाने बीजाचे पारदर्शक आवरण भेदून आत प्रवेश केला रे केला की बीजामध्ये कॅल्शियमची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जाते, बीजाच्या काठाशी तयार असलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात, आणि ते आवरण असे पालटते की दुसऱ्या कोणासही दार उघडू नये. दोघांचा प्रवेश झाला तर गुणसूत्रांचा मेळ बिघडून तो गर्भ टिकत नाही, म्हणून हा बंदोबस्त.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास अगदी संथ वाटावेत असे आहेत. पहिले विभाजन होण्यासच सुमारे तीस तास लागतात. दोनाच्या चार, चारांच्या आठ अशा पेशी होत जातात, तिसऱ्या दिवशी सुमारे आठ; पण त्या सर्व मूळच्या आवरणातच कोंबलेल्या असल्यामुळे गर्भाचा आकार वाढत नाही, फक्त तेच द्रव्य अधिकाधिक लहान वाट्यांत वाटले जाते. मला या टप्प्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती अशी की, चार ते आठ पेशींच्या अवस्थेपर्यंत या नव्या जीवाची स्वतःची गुणसूत्रे जवळजवळ मुकी असतात. सारे हुकूम सुटतात ते आईने बीजात आधीच भरून ठेवलेल्या शिध्यातून. बीज बीजकोशात परिपक्व होत असताना जे रासायनिक आदेश त्यात साठवले गेले, त्यांच्यावरच पहिल्या तीन दिवसांचे काम निभते. त्यानंतर तो साठा संपत येतो आणि गर्भाला स्वतःचे दप्तर उघडावे लागते. पुष्कळ गर्भ नेमके याच ठिकाणी अडतात आणि कोणाच्याही नकळत संपून जातात.

चौथ्या दिवशी पेशींचा गच्च गोळा होतो, आणि नलिकेतील सूक्ष्म केसांच्या हालचालीने ढकलला जात जात तो गर्भाशयाच्या पोकळीत उतरतो. पाचव्या दिवशी त्याच्या आत पाणी साचून पोकळी होते व पेशींच्या दोन जाती प्रथमच निराळ्या पडतात: बाहेरचा पातळ थर आणि आत एका बाजूला चिकटलेला लहानसा पुंज. एकंदर शंभर-दोनशे पेशी. त्यांतील बहुसंख्य बाहेरच्या थरातल्या, ज्यांच्यापासून पुढे वार होणार, आणि प्रत्यक्ष बाळ जिच्यातून घडावयाचे ती आतली मंडळी अगदी थोडी. म्हणजे निसर्ग आधी पुरवठ्याची व्यवस्था लावतो, पाहुण्याचा विचार मागाहून करतो.

गर्भोपनिषदात एका रात्रीचा गर्भ तो कलल आणि सात रात्रींचा तो बुद्बुद असे म्हटले आहे, आणि सातव्या दिवशीचा गर्भ खरोखरच पोकळ बुडबुड्यासारखा असतो हे पाहून आपल्यातील काही अभिमानी मंडळींना भरते येते. प्राचीनांची निरीक्षणशक्ती मोठी होती, पडलेले गर्भ आणि जनावरांचे गर्भ त्यांनी पाहिले असणार, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याएवढी वस्तू, तीही जिवंत स्त्रीच्या गर्भाशयातली, आतून पोकळ आहे हे भिंगावाचून कोणास दिसले असेल असे संभवत नाही. योगायोगाला योगायोग म्हणण्यात पूर्वजांचा अवमान होत नाही.

मग आधुनिकांना तरी हे कसे दिसले? येथे एका प्रयोगाची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजही वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या दोन आठवड्यांच्या गर्भाची जी चित्रे असतात त्यांतील पुष्कळशी तेथून आलेली आहेत. अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे गोरगरीब स्त्रियांसाठी चालणारे एक मोफत रुग्णालय होते. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक आणि विकृतिशास्त्रज्ञ आर्थर हर्टिग यांनी १९३८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे असा क्रम ठेवला की, ज्या विवाहित स्त्रियांचे गर्भाशय अन्य कारणासाठी काढावयाचेच होते, त्यांना पाळीच्या आणि पतिसंबंधाच्या तारखा टिपून ठेवण्यास सांगावयाचे व शस्त्रक्रियेचा दिवस बीज सुटल्यानंतरच्या काळात धरावयाचा. काढलेले गर्भाशय उघडून त्याचा अंतःस्तर भिंगाखाली इंच इंच धुंडाळला जाई. दोनशेहून अधिक स्त्रियांमागे ३४ गर्भ हाती लागले. ते बॉल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या गर्भविज्ञान विभागात गेले आणि तेथे त्यांचे पातळ छेद घेऊन क्रमवार मांडणी झाली; पहिल्या आठ आठवड्यांतील गर्भाच्या ज्या २३ अवस्था सध्या जगभर मानल्या जातात त्या याच संस्थेच्या नावाने. त्या ३४ गर्भांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गर्भ विकृत होते, टिकणारच नव्हते, ही त्या कामातील सर्वांत धक्कादायक नोंद होय. त्या स्त्रियांना आपल्याकडून नेमके काय घेतले जात आहे याची कितपत समज दिली गेली, हा प्रश्न आज विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ज्ञानाच्या खात्यावर त्यांचे ऋण आहे, पण नावे कोठेच नाहीत.

शरीराबाहेर काचपात्रात फलन घडवण्याची विद्या साध्य झाल्यावर पहिल्या पाच दिवसांपुरते तरी हे झाकलेले राहिले नाही. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये अशा रीतीने पहिले मूल जन्मले, आणि अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या हातून दुसरे. मुखर्जींवर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांना परदेशी जाऊन आपले काम मांडता आले नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्मघात केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी जे मूल जन्मले, ते भारतातील पहिले म्हणून गणले जात होते; पण पुढे मुखर्जींची टिपणे आनंद कुमारांच्या हाती पडली, ती वाचून त्यांची खात्री पटली, आणि १९९७ साली त्यांनी स्वतःच जाहीर केले की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावावर असलेला मान असा हाताने उचलून दुसऱ्याला देणारा मनुष्य शास्त्रज्ञांत काय, कोठेही दुर्मिळच.

आता गर्भ गर्भाशयात आला, पण अजून तो तेथे उपरा आहे. सहाव्या दिवसाच्या सुमारास तो आपले जुने आवरण फोडून बाहेर येतो आणि अंतःस्तराला चिकटतो. हा अंतःस्तर सर्वकाळ त्याच्या स्वागताला तयार असतो असे नाही. महिन्यातून थोडेच दिवस तो गर्भ रुजू देतो, एरवी नाकारतो. शिवाय माणसात एक खास गोष्ट अशी आहे की, गर्भ येवो वा न येवो, दर महिन्याला या स्तरातील पेशी फुगून, साखर आणि स्निग्ध द्रव्ये साठवून, गर्भासाठी सिद्ध होतात. गर्भ आला नाही की ती सगळी तयारी मोडून बाहेर टाकली जाते, आणि तिलाच आपण पाळी म्हणतो. बहुसंख्य सस्तन प्राण्यांत ही तयारी गर्भाच्या येण्यानंतर सुरू होते. मानवी गर्भ भलताच खोल घुसणारा असल्यामुळे स्त्रीच्या देहाने आधीच तटबंदी करून ठेवावी हे शहाणपणाचेच, असे काही संशोधक म्हणतात, आणि मला ते पटते.

घुसणे हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. गर्भाच्या बाहेरच्या थरातील पेशी आपल्यामधल्या भिंती पाडून एकमेकींत विरघळतात, आणि असंख्य केंद्रके असलेला एकच अखंड थर तयार होतो, जो अंतःस्तर कुरतडत, त्यातील केशवाहिन्या उघड्या करीत पुढे सरकतो. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत गर्भ पूर्णपणे आत गाडला जातो आणि वरची जखम मिटते. पेशींच्या भिंती पाडण्याचे हे काम ज्या प्रथिनाने होते त्याचे नाव सिन्सिटिन, आणि त्याची जनुककथा २००० साली उलगडली तेव्हा जीवशास्त्रज्ञही थक्क झाले: ते जनुक मूळचे आपले नव्हेच, ते एका विषाणूचे. आपल्या वानरपूर्वजांना कोट्यवधी वर्षांपूर्वी कसल्याशा विषाणूचा संसर्ग झाला, त्याचा वारसा बीजपेशींत कायमचा चिकटून राहिला, आणि पेशीला पेशी जोडून आत शिरण्याची जी युक्ती विषाणूने स्वतःसाठी कमावली होती ती पुढे वारेच्या कामी आली. ज्या रोगाने एके काळी पूर्वज आजारी पडले असतील, त्याच्या अवशेषावाचून आज एकही मनुष्य जन्मास येत नाही.

त्यातही अर्धा परका ऐवज. बापाकडून आलेली गुणसूत्रे आईच्या देहाला अनोळखी. दुसऱ्या कोणाची कातडी किंवा मूत्रपिंड लावले तर तिचे शरीर ते काही दिवसांत फेकून देईल, मग हा गर्भ नऊ महिने कसा राहतो, असा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ साली उपस्थित केला. त्याचे उत्तर तुकड्यातुकड्याने मिळत गेले आहे. गर्भाच्या बाहेरच्या थरातील पेशी आपली नेहमीची ओळखचिन्हे दाखवीतच नाहीत, त्याऐवजी एक निराळेच, सर्वांचे सारखेच दिसणारे चिन्ह पुढे करतात. आणि अंतःस्तरात दाटीने जमलेल्या, नावाने मारेकरी समजल्या जाणाऱ्या आईच्या पांढऱ्या पेशी तेथे गर्भाला मारण्याऐवजी रक्तवाहिन्या रुंद करण्याच्या कामी लागतात.

एवढे होऊनही गर्भापुढचे मोठे संकट टळलेले नसते. बीज बीजकोशातून सुटले की मागे उरलेल्या कोशाचा पिवळसर गोळा बनतो, त्याला पीतपिंड म्हणतात. त्यातून झिरपणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंतःस्तराला धरून ठेवते. पण पीतपिंडाचे आयुष्य सुमारे चौदा दिवसांचेच ठरलेले आहे. ती मुदत संपली की प्रोजेस्टेरॉन उतरते, अंतःस्तरातील वाहिन्या आकसतात आणि पाळी येते, मग त्यात गर्भ रुजलेला असो वा नसो. म्हणजे मुदत संपण्यापूर्वी गर्भाने मुदतवाढीचा अर्ज दाखल केला पाहिजे, आणि तो अर्ज वेळेत पोचला पाहिजे. हा अर्ज म्हणजे एचसीजी नावाचे संप्रेरक. गर्भाचा बाहेरचा थर अंतःस्तरात शिरताक्षणी ते आईच्या रक्तात सोडू लागतो, रक्तातून ते बीजकोशापर्यंत जाते, आणि पीतपिंडाला मरण तहकूब करण्यास भाग पाडते. पहिल्या आठवड्यांत त्याचे प्रमाण साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होते. पाळी चुकते ती यामुळे. घडलेल्या घटनेपेक्षा न घडलेल्या घटनेवरून बातमी कळावी, असा हा प्रकार.

मुदतीचा हा हिशेब किती काटेकोर आहे हे अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या २२१ निरोगी स्त्रियांनी रोज सकाळची लघवी जमवून ठेवावी, अशी त्यांनी व्यवस्था केली, आणि मग त्या हजारो नमुन्यांत एचसीजीचा पहिला अंश केव्हा उमटतो ते तपासले. ज्या गर्भधारणा पुढे टिकल्या त्यांपैकी ८४ टक्क्यांत गर्भ बीज सुटल्यानंतरच्या आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजला होता. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गळून गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांपैकी २६, अकराव्या दिवशीच्यांपैकी ५२, आणि त्याहून उशिरा आलेल्यांपैकी तब्बल ८२ टक्के. याच स्त्रियांच्या आधीच्या अभ्यासात दिसले होते की रुजलेल्या गर्भांपैकी २२ टक्के गर्भ स्त्रीला गर्भारपणाची कल्पना येण्यापूर्वीच संपतात; पाळी एखाददुसरा दिवस लांबली, एवढेच तिला वाटते. पुढे ओळखू येणारे गर्भपात धरले तर हा आकडा ३१ टक्क्यांवर जातो.

हे आकडे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा वाचावेत असे मला वाटते. सुरुवातीला गर्भ गळाला की सूनबाई जिना फार चढली, रिक्षात बसली, पिकलेली पपई खाल्ली, संध्याकाळी केस मोकळे सोडून बाहेर गेली, असा जाबसाल अजूनही होतो. या पहिल्या आठवड्यांतील निम्म्याहून अधिक गर्भपातांचे मूळ गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीत असते, आणि ती चूक बहुतेक वेळा बीज पक्व होतानाच, म्हणजे संयोगापूर्वीच, होऊन गेलेली असते. स्त्रीचे वय वाढत जाते तसे या चुकीचे प्रमाण वाढते. जिन्याचा आणि पपईचा त्याच्याशी संबंध नाही.

अर्जाची प्रत मूत्रात उतरते, हे १९२७च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी ओळखले. स्त्रीची लघवी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना काही दिवस टोचावयाची, मग त्या मारून त्यांचे बीजकोश उघडावयाचे. त्यात रक्ताचे ठिपके आणि पीतपिंड दिसले की स्त्री गर्भार. पुढे दक्षिण आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकीने उंदरांची सुटका केली: तिला टोचले की काही तासांत ती अंडी घालते, आणि जिवंत राहून पुन्हा कामाला येते. आज आशाताई जी 'निश्चय' नावाची चपटी पेटी घरोघर देतात, तिच्यात प्राणी नाही पण तत्त्व तेच. खाचेत लघवीचे थेंब टाकले की ते कागदाच्या पट्टीवरून पुढे सरकू लागतात. वाटेत रंगीत कणांना बांधलेली प्रतिपिंडे असतात, ती एचसीजीला पकडून सोबत घेतात, आणि पुढे पट्टीवर आडव्या बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांच्या रांगेत तो रंग अडकून रेघ उमटते. दुसरी रेघ नेहमीच उमटते. ती उमटली नाही तर परीक्षाच बाद समजावी. सकाळची पहिली लघवी घ्यावी असे सांगतात ते ती दाट असते म्हणून. आणि पाळी चुकण्यापूर्वी घाईने केलेली परीक्षा 'नाही' म्हणाली तरी ती अखेरची मानू नये, आठवड्याने पुन्हा करावी. येथे एक इशारा मात्र द्यावयास हवा: रेघा दोन आल्या तरी गर्भ योग्य जागी आहे असा दाखला त्या देत नाहीत. शंभरात एक-दोन वेळा गर्भ गर्भनलिकेतच रुजतो, आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर, अंगावरून जाणे अशी लक्षणे असतील तर घरगुती उपाय करीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

पाळी चुकते त्या सुमारास, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या दिवशी, गर्भाच्या चकतीवर एक बारीक रेषा उमटते. डोके कोणीकडे, शेपटाकडची बाजू कोणती, डावे-उजवे कोठे, हे त्या रेषेपासून ठरते. जुळी व्हावयाची असली तर तीही याच्या आत बहुधा वेगळी झालेली असतात. काचपात्रातील मानवी गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, अशी मर्यादा इंग्लंडमधील वॉरनॉक समितीने १९८४ साली सुचवली व पुष्कळ देशांनी स्वीकारली, तिचा आधार ही रेषा. तेथून मात्र घाई सुरू होते. अठराव्या दिवशी मज्जासंस्थेची पट्टी, बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाच्या नळीचे पहिले आकुंचन, आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्या पट्टीच्या कडा वर उचलून, एकमेकींना भेटून, मेंदू व मज्जारज्जूची बंद नळी. वरचे टोक पंचविसाव्या दिवशी मिटते, खालचे दोन-तीन दिवसांनी. ते मिटले नाही तर मूल कायमचे अपंग होते किंवा जगतच नाही. गर्भाची लांबी तेव्हा चार-पाच मिलिमीटर असते, आणि दवाखान्याच्या हिशेबाने तो सहावा आठवडा. पुष्कळशा स्त्रिया डॉक्टरकडे प्रथम जातात त्या याच्याही नंतर.

या नळीच्या कथेत मुंबईचा एक धागा आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत येऊन राहिली. कापड गिरण्यांतील गरीब गर्भवती स्त्रियांना एक विचित्र पंडुरोग होई. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी मोठ्या, फुगीर दिसत, आणि कित्येकजणी बाळंतपणात दगावत. विल्सबाईंनी त्यांच्या आहाराची चौकशी केली, जंतुसंसर्गाची शक्यता पडताळून सोडून दिली, माकडांना तसाच निकस आहार देऊन तोच रोग त्यांच्यात उत्पन्न केला, आणि अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज पावावर लावून खातात त्या स्वस्त मार्माइटने, तो बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले व फॉलिक ॲसिड हे नाव पावले. विल्सबाईंच्या त्या लेखानंतर साठ वर्षांनी, १९९१ साली, सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने सिद्ध केले की, ज्यांचे आधीचे मूल उघड्या मज्जानळीचे झाले होते अशा स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिले असता तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. गर्भधारणेपूर्वीपासून, हे शब्द महत्त्वाचे. रोज ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी मूल हवे असे ठरले की त्याच दिवसापासून घ्यावयाची असते. पाळी चुकल्यावर सुरू करणे वाईट नव्हे, पण तोवर नळी मिटण्यास दोन आठवडेच उरलेले असतात. ज्यांचे आधीचे मूल तसे झाले आहे त्यांना याच्या दसपट मात्रा लागते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी.

अज्ञानाचा हाच काळ १९५७ ते १९६१ या वर्षांत युरोपवर उलटला. झोपेसाठी आणि गर्भारपणातील मळमळीसाठी निर्धोक म्हणून थॅलिडोमाइड नावाचे औषध पश्चिम जर्मनीत व अन्य देशांत सर्रास विकले गेले. संयोगानंतरच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत ते पोटात गेले तर बाळाचे हात, पाय, कान घडण्यातच व्यत्यय येई. पुष्कळ स्त्रियांनी ते घेतले तेव्हा आपण गर्भार आहोत हे त्यांना कळून थोडेच दिवस झाले होते, काहींना तर कळलेही नव्हते. दहा हजारांच्या आसपास मुले अशी जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या एका औषधनिरीक्षक बाईंनी कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून परवानगी अडवून धरली, आणि तो देश बहुतांशी बचावला.

आईच्या देहाचे म्हणाल तर तोही या काळात स्वस्थ नसतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच, येथे दवाखान्याचा हिशेब धरला आहे, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो आणि हृदय दर मिनिटाला अधिक रक्त ढकलू लागते. पहिली तिमाही संपेपर्यंत मूत्रपिंडांची गाळणी सुमारे निम्म्याने वाढते. प्रोजेस्टेरॉन मेंदूतील श्वसनकेंद्राला चाळवते, त्यामुळे श्वास खोल होतो आणि कधीकधी उगीचच दम लागल्यासारखे वाटते. पोट इंचभरही दिसत नसताना ती बाई दुपारी चार वाजता गळून बसते, वारंवार लघवीला उठते, ती याच कारणाने. तिच्या थकव्याला कोणी नाटक म्हणत असेल तर त्याने तिच्या मूत्रपिंडांच्या कामाचा ताळेबंद पाहावा. कोरड्या ओकाऱ्यांचे कारण मात्र फार दिवस हुलकावणी देत होते. मानसिक आहे, नवऱ्याविषयी नावड आहे, असले निदान विसाव्या शतकातही डॉक्टरांनी केलेले आहे. २०२३ साली केंब्रिज आणि कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी दाखवले की गर्भ व वार यांच्याकडून येणारे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक यामागे आहे. एरवी ज्यांच्या रक्तात ते फार कमी असते त्यांना त्याची अचानक भरती सोसवत नाही. पाणीही पोटात ठरत नसेल, वजन उतरत असेल, लघवी कमी व गडद होत असेल, तर ते डोहाळे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. शिरेतून पाणी द्यावे लागते.

एचसीजी दवाखान्याच्या हिशेबाने आठव्या ते दहाव्या आठवड्यात कळसाला पोचते, आणि ओकाऱ्याही त्याच सुमारास सर्वांत जोरात असतात. तोवर प्रोजेस्टेरॉनचा कारभार पीतपिंडाकडून वारेकडे सरकू लागलेला असतो. चापो नावाच्या संशोधकांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की सातव्या आठवड्यापूर्वी पीतपिंड काढला तर गर्भ पडतो, नवव्यानंतर काढला तर बहुधा टिकतो. मधले दोन आठवडे म्हणजे हवाला देण्याघेण्याचे. या सर्व काळात गर्भाला आईचे रक्त थेट मिळत नसते, कारण त्याच्याच पेशींनी अंतःस्तरातील नागमोडी वाहिन्यांची तोंडे बुचे मारून बंद केलेली असतात, आणि त्याचे पोषण अंतःस्तरातील ग्रंथींच्या स्रावावर, अतिशय कमी प्राणवायूत चालते. घडणीच्या दिवसांत नाजूक पेशींना प्राणवायूचा मारा सोसत नाही, म्हणून ही काटकसर. दहाव्या ते बाराव्या आठवड्यांत ही बुचे हळूहळू सैल होतात, आधी वारेच्या कडेची, मग मधली, आणि आईचे रक्त वारेतील पोकळ्यांत मोकळेपणी खेळू लागते. गर्भाची लांबी तेव्हा डोक्यापासून बुडापर्यंत पाच-साडेपाच सेंटिमीटर झालेली असते.